आईची म्हैस ग्रीसच्या समुद्रात

बदलापूरच्या आमच्या बेलवलीत माझ्या शब्दाला काय किंमत आहे ते आधीच सांगून टाकते, मागाहून कटकट नको. उल्हासनगरच्या बाजारात माझं गाऊनचं दुकान आहे. बायका घरात घालतात ते गाऊन. "रंग जाणार नाही, आटणार नाही, ताई, नातीच्या बारशालाही हाच घालाल," असं दिवसभर बोलून माझ्या जिभेची खऱ्याची सवय सुटली, असं घरच्यांचं म्हणणं. एकदा दुकानात साप निघाला होता. मी घरी येऊन सांगितलं की तो लाल गाऊनच्या बाहीत शिरला आणि गळ्यातून डोकं काढून गिऱ्हाइकाकडे बघत बसला. साप खरा होता. बाहीचं मी घातलं. पण तेव्हापासून मी "पाऊस पडतोय" म्हटलं तरी माझा भाऊ खिडकीतून हात बाहेर काढून बघतो.

तर आता जे सांगणार आहे त्यात बाहीचं काही घातलेलं नाही. काठाला थोडी जरतार असेल, पण कापड अस्सल आहे. मानायचं तर माना. नाही मानलंत तर माझं काही बिघडत नाही, आणि आईचं तर त्याहून नाही.

आई लग्न होऊन बेलवलीत आली त्याच वर्षी उल्हास नदीला पाणी चढलं आणि आमच्या घरची म्हैस नदीतल्या एका उंचवट्यावर अडकली. चहूकडे पाणी, मधे म्हैस, आणि काठावर अख्खं गाव सल्ले देतंय. आईचं माहेरही नदीकाठचंच. पाठीला सुका भोपळा बांधून ती पोहायला शिकलेली आणि मग भोपळाही सोडलेला. तिनं काष्टा आवळला, दावं कमरेला बांधलं आणि पाण्यात उतरली. म्हैस घेऊन परत आली. शाबासकी राहिली बाजूला. आजी म्हणाली, "नवी सून ओलेती होऊन गावासमोर उभी राहते? पुन्हा नदीत पाय घालशील तर बघ." आईनं पुन्हा कधी घातला नाही.

इथवर सगळ्यांना मान्य आहे. भांडण आहे ते शेपटीचं. माझी आत्या तेव्हा परकर-पोलक्यात काठावर उभी होती. तिचं म्हणणं, "वहिनी कसली पोहतेय! म्हशीच्या शेपटीला धरून आली. तसं तर कुणीही येईल." आत्या आता अंबरनाथला असते. गुडघे गेले, दात गेले, पण ही शेपटी तिनं हातची सोडली नाही. लग्नात सांगते, बारशात सांगते. माझ्या वडिलांच्या दहाव्याला घाटावर भटजी मंत्र म्हणत होते आणि आत्या मागे उभी राहून कुणाला तरी नदीतली जागा दाखवत होती, "तिथून. शेपटीला धरून."

आणि घरानं आत्याचंच खरं धरलं. विशेषतः दादानं. दादा अंबरनाथच्या एका कारखान्यात माल तपासायला असतो. आयुष्यात खोटं बोललेला नाही. त्याला ते जमतच नाही, तोंड वाकडं होतं. तो म्हणायचा, "आई, आत्यानं डोळ्यांनी बघितलंय ना? मग सोड की."  त्यावर आई भाकरी अशी थापायची की खालच्या मजल्यावरचे वर येऊन विचारायचे, फरशी बसवताय का.

माझ्या दुकानाशेजारी साड्यांचं दुकान आहे. मालक सिंधी, सगळा बाजार त्यांना साईं म्हणतो. त्यांनी एका दिवाळीला कॅलेंडर दिलं. वर निळंशार पाणी, इतकं स्वच्छ की तळाचे गोटे दिसावेत, आणि पाण्यात एका खडकावर इवलंसं पांढरं देऊळ. वर्ष संपलं तरी आईनं ते स्वयंपाकघरातून काढलं नाही. तारखा बघायला फ्रिजवर दुसरं लावलं. एक दिवस कणीक मळता मळता म्हणाली, "बाय, हे पोहून जाण्याइतकंच हाय."

"काय?"

"देऊळ."

मी साईंना विचारलं की हे कुठलं. त्यांनी चष्मा लावून खालची बारीक अक्षरं वाचली. "ग्रीस, दीदी. जाना है? टूरवाला अपना साला है." उल्हासनगरात कुठलंही काम सांगा, त्या धंद्यात कुणाचा ना कुणाचा साला असतोच.

घरी बॉम्ब पडला. दादा म्हणाला, "या वयात आईला चारधामला नेतात."

आई म्हणाली, "चारधामला पापं धुवायला जातात. मला करू तरी कुठं दिलीत?"

वहिनी, म्हणजे दादाची बायको, हसली. दादानं तिच्याकडे बघितल्यावर तिनं ते हसू खोकल्यात घातलं. तरी गाडी अडलीच असती, पण त्या रविवारी आत्या आली, तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ग्रीसला? बरं आहे. पण तिकडे म्हैस मिळेल का गं, वहिनी?"

आईनं चहाचा कप खाली ठेवला. "बाय, पासपोर्ट काढ माझा."

शेवटी दादा-वहिनीही आमच्याबरोबर निघाले. विमानतळावर आमची एक पिशवी बाजूला घेतली. आत लुगड्यात गुंडाळलेला एक भलामोठा सुका भोपळा. तपासणारा साहेब तो कानाशी नेऊन हलवत होता. आत बिया खुळखुळत होत्या. दादा चार माणसं सोडून, जणू दुसऱ्याच कुटुंबातला, छताकडे बघत उभा राहिला.

"ये क्या है, माताजी?"

मी पुढे झाले. "वाजवायचं आहे साहेब. भजनाला."

"वाजवायचं नाय," आई म्हणाली. "भोपळा हाय. पोहायचा."

साहेबानं एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा भोपळ्याकडे, आणि दोघांनाही जाऊ दिलं. मी नंतर तिला म्हटलं, "तू तर भोपळ्याशिवाय पोहायचीस ना? मग हा कशाला?"

"माझ्यासाठी नाय," ती म्हणाली. "त्याच्यासाठी," आणि हनुवटीनं दादाकडे दाखवलं. दादाला पाण्याची इतकी भीती की बादली भरली तरी तो बाजूला सरकतो.

बेटाचं नाव सांगणार नाही. सांगितलं तर आमची सोसायटी पुढच्या मे महिन्यात तिथे हजर होईल आणि ग्रीक लोकांना पार्किंगवरून भांडायला शिकवेल. कॅलेंडरवरचं बेट तेच, असं साल्यानं शपथेवर सांगितलं. मला थोडी शंका आहे. पण समुद्र निळा होता, खडक होता, खडकावर पांढरं देऊळ होतं. साल्याला आणखी किती छळायचं?

आम्ही राहिलो ते गाव डोंगरावर होतं. गल्ल्या पायऱ्यांच्या आणि इतक्या अरुंद की समोरून गाढव आलं तर दोघांपैकी एकाला शहाणपणा दाखवावा लागतो. आमच्या वेळी गाढवानं दाखवला. दादा पहिले दोन दिवस प्रत्येक घरासमोर थांबून म्हणायचा, "समोर समुद्र, मोकळी गच्ची, आणि एकही बिल्डर नाही? बदलापुरात एव्हाना तीन टॉवर आणि क्लब हाउस." एका खाणावळीत भोपळ्याच्या फुलांत भात भरून दिला. आईनं एक फूल उचललं, उलटसुलट केलं आणि म्हणाली, "हे तर माझ्या आईचं." पुढच्या प्रत्येक जेवणाला तिनं तेच मागितलं. बोटानं भोपळा काढून दाखवायची आणि वर फुलासारखी मूठ उघडायची.

घराची मालकीण एक म्हातारी होती, आईच्याच वयाची, पायापासून डोक्यापर्यंत काळ्या कपड्यांत. दादा तिच्याशी इंग्रजीत बोलायचा, ती ग्रीकमध्ये उत्तर द्यायची, कुणालाच काही कळायचं नाही. आई सरळ मराठीत बोलायची आणि दोघींचं बरोबर जमायचं. एका सकाळी आईनं भोपळा उन्हात काढला. म्हातारी तो बघून थबकली, आत गेली आणि आपला भोपळा घेऊन आली. लहान, काळपट, तोंडाला बूच लावलेला. त्यात वाईन होती. तिनं आमच्या भोपळ्यावर टकटक केलं, आईनं तिच्यावर. मग म्हातारीनं दोन्ही हात पुढे टाकून पोहल्याचा अभिनय केला आणि विचारल्यासारखं बघितलं. आईनं मान हलवली आणि खाली खाडीतल्या त्या खडकाकडे बोट दाखवलं. म्हातारी इतकी हसली की तिच्या अंगणातल्या मांजरांनी जागा सोडली. माझ्या हिशेबानं दीडशे मांजरं. वहिनी म्हणते पाच.

दादाला तेव्हा पहिल्यांदा उमगलं की आई नुसतं बघायला आलेली नाही. तो चिडला.

"आई, बीपीची गोळी घेतेस तू."

"घेते ना. पोहून आल्यावर घेईन."

"आणि काही झालं तर? आत्याला काय तोंड दाखवू?"

"तेच," आई म्हणाली. "आत्याला तोंड दाखवायचं म्हणून तर आलीय."

ठरल्या दिवशी म्हातारीला घेऊन आम्ही खाली किनाऱ्यावर गेलो. तिथे भाड्याच्या खुर्च्या आणि छत्र्या रांगेत मांडलेल्या, आणि माणसं इतक्या कमी कपड्यांत की माझ्यासारख्या कापडवालीला धंद्याची काळजी वाटावी. आम्ही झाऊच्या झाडाखाली बेलवलीहून आणलेली चादर पसरली. छत्रीवाला आला आणि हातवारे करायला लागला. दादा चादर गुंडाळायला वाकला. आई चादरीच्या मधोमध बसली. छत्रीवाला थोडा वेळ उभा राहिला आणि निघून गेला. झाड काही त्याच्या बापाचं नव्हतं.

मी आईसाठी माझ्या कारीगराकडून खास पोहायचा पोशाख शिवून घेतला होता. पूर्ण बाह्या, घोट्यापर्यंत पाय, वर घेरदार फ्रॉक, जांभळा. तिनं तो घडी करून उशाला घेतला. "लुगडंच बरं. काष्टा मारला की पाय मोकळे." मग ती उठली, गुडघ्यापर्यंत लुगडं ओढून काष्टा घट्ट खोचला, पदर कमरेला गुंडाळला. खुर्च्यांवरच्या माणसांनी चष्मे वर केले.

वहिनीनं मोबाइल काढला. "आई, व्हिडिओ घेते. आत्यांना दाखवू."

"ठेव तो."

"अहो, पुरावा नको का?"

"म्हशीच्या वेळी होता पुरावा? तेव्हा वन्संच्या डोळ्यांवर चाललं. आता तुमच्या डोळ्यांवर चालू दे." वहिनीनं मोबाइल पिशवीत ठेवला. मी मनात म्हटलं, संपलं. साक्षीदार कोण, तर मी. सापवाली.

आई पाण्यात गेली. गुडघा, कंबर, छाती. तिथे ती थांबली. इतका वेळ थांबली की दादा म्हणाला, "बघ, नाही जमत. बोलाव तिला."  खरं सांगते, मीही घाबरले होते. इतकी वर्षं पाण्याबाहेर. हातपाय विसरले असतील तर? आणि आयुष्यभर जे छातीठोकपणे सांगितलं ते विसरलेलं निघालं तर ही बाई परत येऊन काय करेल?

मग तिनं पाणी तोंडावर मारलं, कानाला लावलं, आणि अंग टाकलं.

ती काही आजकालच्या शिकलेल्या पोरांसारखी पोहत नव्हती. डोकं ताठ वर, हात पाण्याखालून, नदीत घागर घेऊन जावं तसं. एक थेंब उडत नव्हता. खडक किती लांब होता म्हणाल, तर बदलापूर ते अंबरनाथ. वहिनी म्हणते, रिक्षाचं मीटर पडायच्या आत येईल इतकाच. वहिनी काठावर होती, तिला काय कळणार!

ती अर्ध्यावर गेली आणि दादाचा धीर सुटला. "आई! परत ये!" तिनं मागे वळूनही बघितलं नाही. दादानं भोपळा उचलला, दोरी बांधली आणि, मी खोटं बोलत असेन तर माझ्या दुकानाला टाळं लागो, पाण्यात धावला. आईचा लेक शेवटी. पण त्यानं भोपळा बांधला पोटावर, लग्नात पैशांची पिशवी बांधतात तसा. भोपळा बांधतात पाठीला. आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण हा कधी काठाच्या पुढे गेलेलाच नाही. पाण्यात पाय सुटल्याबरोबर भोपळ्यानं त्याला उताणा केला. पोट आभाळाकडे, हातपाय चारी दिशांना, उलट्या झुरळासारखा, आणि वारा त्याला आत आत नेतोय. मी ओरडले, वहिनी ओरडली. ग्रीक म्हातारी झाडाखाली द्राक्षं खात होती, तिनं खाणं थांबवलं नाही. तिची नजर आईवर होती.

आई वळली. त्याच संथ हातांनी त्याच्यापाशी आली. त्याच्या जवळ मात्र गेली नाही, चार हात लांब थांबली. बुडणारा माणूस वाचवणाऱ्याच्या गळ्यात पडतो, हे तिला ठाऊक होतं. कमरेचा पदर सोडला आणि त्याच्याकडे फेकला.

"धर."

"आई, मरतो मी!"

"मरत नाय. भोपळा हाय ना! पदर धर आणि गप पड."

दादानं पदर धरला. मला वाटलं आता ती काठाकडे येईल. ती वळली खडकाकडे. पुढे ती, मागे नऊवारीचा हिरवा पदर ताणलेला, आणि पदराच्या टोकाला माझा उताणा दादा, डोळे मिटून. अशी मिरवणूक त्या समुद्रानं पुन्हा बघायची नाही.

दोघं खडकावर चढली. दादा तिथेच पसरला. आईनं लुगडं पिळलं, केस पिळले आणि देवळाकडे गेली. इतकुसं देऊळ, दाराशी घंटा. आता तुम्हीच सांगा, देवळात गेल्यावर माणूस काय करतो? आईनं घंटा वाजवली. देवाला कळायला हवं कोण आलंय, म्हणून चांगली दणकून वाजवली.

त्या गावात वेळी-अवेळी घंटा वाजते ती फक्त कुणी बुडत असलं तर. हे आम्हाला कुठून ठाऊक असणार! दगडी धक्क्यावर जाळी शिवत बसलेले कोळी उठले, होड्या सुटल्या, वरच्या गावातून माणसं पायऱ्या उतरत धावत आली, कुणी दोर घेऊन, कुणी नुसतंच आरडाओरडा घेऊन. छत्रीवालाही धावला. पहिली होडी खडकाला लागली तेव्हा आई देवासमोर हात जोडून उभी होती. होडीवाला तिच्यावर ओरडायला लागला. ग्रीकमधला ओरडा होता, पण ओरड्याला भाषांतर लागत नाही. मग काठावरून म्हातारीनं तोंडाला हात लावून त्याला काहीतरी सुनावलं. त्यानं आईकडे बघितलं, भोपळेवाल्या दादाकडे बघितलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

त्यानं दोघांना होडीत बसायची खूण केली. दादा ती खूण पुरी व्हायच्या आत बसला. आईनं हात हलवून नको म्हटलं.

"आई, बस!" दादा कळवळून म्हणाला. "झालं ना आता!"

"झालं नाय. येताना तू होतास. उद्या म्हणतील, याच्या भोपळ्याला धरून गेली." तिनं पदर पुन्हा कमरेला आवळला. "परतीला काही नको. ना म्हैस, ना भोपळा, ना तू."

आणि ती उतरली. होड्या दोन्ही बाजूंनी, वल्ही थांबवून थांबवून, आणि आई मधे. सगळं गाव काठावर. तिचे पाय वाळूला लागले तेव्हा ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं होतं आणि ती गावासमोर उभी होती. तिनं पदर ओढला नाही. मान खाली घातली नाही. म्हातारीनं वाईनचा भोपळा पुढे केला. आईनं वास घेतला, नाक मुरडलं आणि एक घोट घेतला. हेही कुणी मानत नाही.

घरी परतलो. रविवारी आत्या रिक्षा करून आली. मी सगळं सांगितलं, पाण्यात उतरण्यापासून घंटेपर्यंत, हातवाऱ्यांसकट. आत्यानं आम्ही आणलेली तिळाची ग्रीक मिठाई चघळत शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "छान. साप नाही का भेटला कुठे?" मग दादाकडे वळली. "हिचं सोडून दे. तू सांग. तू खोटं बोलत नाहीस."

आई ओट्याशी भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज थांबला.

दादानं माझ्याकडे बघितलं नाही. जुन्या कॅलेंडरच्या खिळ्याला आता भोपळा लटकत होता, त्याकडे बघत राहिला. त्याचे कान लाल झाले.

"शेपटी होती, आत्या," तो म्हणाला.

"बघा!" आत्यानं मांडीवर थाप मारली. "मी म्हणत नव्हते?"

"शेपटी आईची होती. धरली होती मी. आत्या, म्हैस मी होतो."

त्याचं तोंड जराही वाकडं झालं नाही.  आत्याची मिठाई तोंडात तशीच राहिली. मग तिनं मान हलवली. "गेलास. तूही गेलास. बहिणीची संगत लागली तुला."

आई हसायला लागली. अशी की भांडी हातातून सुटली. मी म्हटलं, "आई, अजून मानत नाही ही! आणि तू हसतेस?"

"मानू नका, वन्सं," आई म्हणाली. "खुशाल मानू नका. ज्यानं धरला होता पदर, त्याला ठाऊक हाय." तिनं खिळ्यावरचा भोपळा काढला आणि आत्याच्या मांडीत ठेवला. "तुम्ही तेव्हाही काठावरच होतात."

आत्यानं तो फेकून दिला नाही. हातात धरून हलवला. बिया खुळखुळल्या. बराच वेळ ती तो फिरवत बसली, आणि मग कुणाकडेही न बघता विचारलं, "ह्यानं खरंच माणूस तरंगतो?"

"पाठीला बांधला त माणूस," आई म्हणाली. "पोटाला बांधला त म्हैस."